कोकुगेनच्या आतला माणूस

‘काळवीर कोकुगेन’ ही मालिका चांगली होती की वाईट, हे मला अजून लोक विचारतात. विचारणारे आता पन्नाशीला टेकलेले असतात, पोटं सुटलेली असतात, पण प्रश्न विचारताना चेहरे सात वर्षांच्या पोरासारखे करतात. मी सांगते, कथा भिकार होती आणि चालणं उत्तम होतं. त्यांना वाटतं म्हातारीला भ्रम झाला.

कथा भिकार होती हे मी म्हणू शकते, कारण ती लिहिणाऱ्या चौघांपैकी एक मी होते. बाकीचे तिघे पुरुष. त्यांना ती अजूनही थोर वाटते, म्हणजे त्यांच्यातला जो एक जिवंत आहे त्याला.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. टोकियोच्या पश्चिमेला आमचा स्टुडिओ होता आणि त्याच्या मागच्या अंगाला सामुराईपटांसाठी बांधलेलं अख्खं गाव होतं. कौलं, पूल, विहीर, सावकाराची पेढी, सगळं. सामुराईपट कोणी बघेना झालं तसं ते गाव ओस पडलं. निर्माते इसोगाई एक दिवस तिथून फिरून आले आणि बैठकीत म्हणाले, “सेटवर गवत उगवलंय, किमोनोंना कसर लागलीय. आपल्या हिरोला मागच्या काळात पाठवा बघू.” झाला काळप्रवास सुरू. त्यामागे काही मोठा विचार वगैरे नव्हता.

पण त्याचा फायदा झाला, हे कबूल करायला पाहिजे. त्या दिवसांत रविवारी सकाळी लागणाऱ्या सगळ्या मालिकांतले हिरो खडीच्या खाणीत मारामाऱ्या करायचे. आमचा करायचा खऱ्या कौलांवर, खऱ्या लाकडी पुलावर, आणि त्याच्या आजूबाजूला कमरेला तलवार लावून कसं बसायचं हे ठाऊक असलेले म्हातारे नट असायचे. पहिल्या काही भागांत तर मलाच वाटायला लागलं की आपण काहीतरी बरं करतोय.

मग ते चाक आलं. कोकुगेनच्या पट्ट्यावर पितळी रंगाचं एक चाक होतं. खेळणी बनवणाऱ्या कंपनीने ते आधी बनवलं आणि मग आम्हाला विचारलं की याने काय होतं ते ठरवा. आम्ही ठरवलं, चाक उलटं फिरवलं की काळ मागे जातो. तिथे मालिका मेली. पूल पडला, फिरव चाक. घर जळलं, फिरव चाक. मेलेलं माणूस पुढच्या क्षणी भात खाताना दाखवायचं. मी बैठकीत विचारलं, “मग हा एकदाच मागे जाऊन त्या राक्षसाच्या आईला का भेटत नाही? लग्नच करू नको म्हणावं.”

इसोगाई म्हणाले, “सेन्सेइ, राक्षसाच्या आईचं खेळणं कोण विकत घेणार?”

आमच्याकडे लेखकाला सेन्सेइ म्हणतात. म्हणजे मान द्यायचा आणि गप्प बसवायचं.

दुसरा दोष म्हणजे आसाबुकी. हा कोकुगेनचा माणसातला चेहरा. एकोणीस वर्षांचा, देखणा, अभिनय फक्त भुवयांनी करणारा. तो चाकावर हात ठेवून आरोळी ठोकायचा, पडदा पांढरा व्हायचा, आणि त्यानंतर जे निळं-रुपेरी काही उड्या मारायचं, पडायचं, उठायचं, रडायचं, त्यात आसाबुकी नसायचा. तो नंतर येऊन पडद्याकडे बघत आवाज भरायचा. एका हातात पाव. उड्या मारणारा माणूस वेगळा होता. त्याचं नाव नुकुई शिगेओ, आणि हे सगळं मी त्याच्यासाठी लिहितेय.

नुकुई अकिताचा. उत्तरेकडचा, बर्फातला. अठराव्या वर्षी नट व्हायला टोकियोला आला. जबडा भला मोठा, डोळे बारीक, गालांवर देवीच्या वणांसारखे खड्डे. नायक होण्याचा प्रश्नच नव्हता. मग तो मरायला लागला. सामुराईपटांत नायकाच्या एका फटक्यासरशी जे दहा-बारा जण कोसळतात ना, त्यांतला एक. पंधरा वर्षं तो कोसळला. विहिरीत, पायऱ्यांवरून, चिखलात. “माझ्याइतका मेलेला माणूस जपानात नसेल,” असं म्हणायचा. सिनेमे थांबले तसा तो रबर आणि राळेच्या पोशाखात शिरला. आत काही दिसत नाही, स्वतःची पावलंसुद्धा नाही. मुखवट्याच्या डोळ्यांना दोन बारीक चिरा, तेवढंच जग. चित्रीकरण संपलं की तो बूट काढून उलटा करायचा आणि घामाची धार लागायची.

तर ते चालणं. भूतकाळातून परत आल्यावर कोकुगेन मुख्यालयात जातो, एवढंच आम्ही लिहायचो. पडद्यावर पाहिलं तर तो लगेच जात नव्हता. एक पाऊल टाकायचा, जमिनीवर भरवसा नसल्यासारखं. थांबायचा. डावा हात गुडघ्याकडे जायचा आणि गुडघ्याला न लागताच परत यायचा. मग चालू लागायचा. जसजसे भाग वाढले तसतसं ते पाऊल जड होत गेलं. आम्ही चाक फिरवून जे कागदावरून पुसून टाकत होतो, ते हा माणूस गुडघ्यात साठवत होता. त्या मालिकेत कुणाला कशाची किंमत मोजावी लागत असेल, तर ती एवढीच.

एकदा कँटीनमध्ये सोबा, म्हणजे रश्शातल्या शेवया, खाताना मी विचारलं, “नुकुई-सान, हे दिग्दर्शकाने सांगितलंय का?”

“काय?”

“ते पाऊल.”

तो लाजला. “दिसतं का? बदलू का?”

“बदलाल तर बघा. कुठून आणलंत?”

“अहो सेन्सेइ, अकिताहून रात्रभर गाडीने आलं तरी पाय आखडतात. हा दोनशे वर्षांवरून येतोय.” आणि भुरका मारून पुढे म्हणाला, “पोरांना कळत नसेल. पण खोटं कळतं त्यांना.”

हा माणूस कुणाकडे काही मागत नसे. एक गोष्ट मात्र त्याला हवी होती, आणि ती कुणापासून लपलेली नव्हती. त्याला शेवटच्या नामावलीत स्वतःचं नाव हवं होतं.

आमची नामावली लांबलचक असायची. गाड्या भाड्याने देणाऱ्याचं नाव, बूट देणाऱ्याचं नाव, चित्रीकरणाला जागा देणाऱ्या देवळाचं नाव. पोशाखाच्या आतल्या माणसाचं नाव नसायचं. आत कोणी असतो हेच मुळी मुलांना कळू द्यायचं नाही, असा रिवाज. पोशाख अर्धा अंगात असताना स्टुडिओच्या फाटकापर्यंतसुद्धा जायला बंदी होती. न जाणो, एखादं पोर बघेल.

नुकुईची आई अकितात एकटी राहायची. तिचा यावर विश्वास नव्हता. तो फोन करायचा आणि दुसऱ्या दिवशी ते बोलणं आम्हाला नकलेसकट ऐकवायचा.

“आई, बघितलंस का काल? पुलावरून पडलो तो मीच.”

“तू कुठला? तो आसाबुकी म्हणून गोरा पोरगा आहे. नाव येतंय की त्याचं.”

“आई, तो फक्त ओरडतो. आत मी असतो.”

“आत कसा असशील? शेवटी डोकं काढतो तेव्हा गोराच निघतो की आतनं! शिगेओ, खरं सांग, काय काम करतोस तिथं? झाडू मारत असलास तरी सांग. मी गावात काय ते बघून घेईन.”

आम्ही पोट धरून हसायचो. तो हसायचा नाही. आईचं वय झालं होतं, गावात तिने सांगून ठेवलं होतं की मुलगा नट आहे, आणि तेवीस वर्षांत त्याचं नाव एकदाही कुठे आलं नव्हतं.

जुलैत तो इसोगाईंकडे गेला. मी तिथेच होते, माझा भाग परत आला होता म्हणून भांडायला. इसोगाईंनी ऐकून घेतलं, मान खाजवली आणि म्हणाले, “शेवटच्या भागात टाकू. शेवटी निरोपच घ्यायचाय, मुलांना कळलं तर कळलं. ‘कोकुगेन: नुकुई शिगेओ’. शब्द दिला. पण माझंही एक काम करा. ऑगस्टमध्ये त्या दुकानाच्या गच्चीवरचे खेळ आहेत. त्यांना नकली नकोय, खरा कोकुगेन हवाय.”

मोठ्या दुकानांच्या गच्चीवर असे खेळ सुट्टीत व्हायचे. एरवी ते दुय्यम मंडळी करत, जुन्या पोशाखात. टीव्हीवरचा माणूस जात नसे, कारण ऑगस्ट म्हणजे आमचा ऐन उन्हाळा, आणि त्या उन्हात दिवसाला तीन खेळ. नुकुई लगेच हो म्हणाला.

त्याची बायको फुमिए फटकळ. माझ्यासमोरच म्हणाली, “अहो, पडद्यावर नाव आल्याने भाताला चव येणार आहे का?”

“आईला दिसेल.”

“आईंना मी सांगते ना, तुम्हीच आहात म्हणून.”

“तुझ्यावर तर तिचा लग्नापासून विश्वास नाही.”

गच्चीवर काय झालं ते मला उशिदाने सांगितलं. उशिदा राक्षसाच्या पोशाखात होता. गच्चीवरचे खेळ ध्वनिफितीवर चालतात. सगळे आवाज आधीच भरलेले, आतल्या माणसांनी फितीबरोबर हातवारे करायचे. खेळाचा साचा ठरलेला. राक्षस दोन तडाखे मारतो, हिरो पडतो, निवेदन करणारी ताई मुलांना म्हणते, जोरात हाक मारा, मुलं ओरडतात, हिरो उठतो.

“तिसरा खेळ होता,” उशिदा म्हणाला. “मी पहिला तडाखा मारायला हात उचलला आणि हा मारायच्या आधीच पडला. मी समजलो, सेन्सेइ. इतक्या वर्षांत त्याला चुकीच्या जागी पडलेला मी पाहिला नव्हता. आणि तिकडे फीत चालूच. आसाबुकीचा आवाज गर्जतोय, मी अजून हरलेलो नाही! आणि हा निपचित.”

“मग ताईने काय केलं?”

“तिला वाटलं, पडला म्हणजे आता आपली वेळ. लागली ओरडायला, बाळांनो, कोकुगेन संकटात आहे, सगळे मिळून म्हणा! आणि पोरं सुरू झाली. मागे फिरव! मागे फिरव! तो उठेना तशी ती आणखी जोरात. तिला वाटतंय खेळ रंगलाय.”

“आणि तू?”

“मी त्याला उचलायला वाकलो. राक्षस वाकला म्हटल्यावर पोरांनी मला शिव्या घातल्या. सोड त्याला! एकाने चप्पल फेकून मारली, एकाने जवाच्या चहाची बाटली. मला बोलताही येईना. मुखवट्यातून आवाज बाहेर जात नाही, आणि गेला तर राक्षस माणसासारखा बोलला म्हणून बोंब. मुखवटा काढला असता तर… काढला नाही. मुलं होती ना समोर.”

“मग?”

“उठला की तो. सेन्सेइ, तो उठला! चाक फिरवलं, मला मारलं, मी मेलो. टाळ्या. मग हस्तांदोलनाची रांग. गच्चीभर रांग. एकेका पोराशी हात मिळवत उभा राहिला. शेवटचं पोर गेल्यावर पडद्यामागे आला आणि लाकडासारखा आडवा झाला.”

रुग्णवाहिका बोलवायच्या आधी त्यांनी त्याचा पोशाख उतरवला. कोकुगेनला दुकानाच्या दारातून स्ट्रेचरवर कसं नेणार? खाली मुलं होती. चिकटलेलं रबर निघेना, कापायची परवानगी कोण देणार यावर कुणाचं एकमत होईना. शेवटी निघालं. अंगात सामान वाहणाऱ्या हमालाचा सदरा चढवला आणि त्याला मागच्या जिन्याने नेलं.

जीव वाचला. उन्हाने मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली, तोल सांभाळणाऱ्या. बोलणं थोडं जड झालं, आणि चालताना तो होडीत उभ्या असलेल्या माणसासारखा डुलायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हे असंच राहील.

इसोगाई आमच्याकडे आजाऱ्याला नेतात तसं महागाचं खरबूज घेऊन भेटीला आले. पलंगाशी इतके वाकले की कपाळ चादरीला लागलं. त्या सकाळच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. दुकानाच्या गच्चीवर उष्माघाताने कामगार कोसळला, सामान उचलणारे नुकुई शिगेओ, वय एक्केचाळीस.

फुमिएने पेपर त्यांच्या पुढ्यात टाकला. “सामान उचलणारे?”

“वहिनी, मुलांच्या स्वप्नाचा प्रश्न आहे.”

“आणि यांच्या?”

इसोगाई पुन्हा वाकले. वाकता येणं ही मोठी सोय आहे. नुकुई जड जिभेने म्हणाला, “राहू दे, फुमिए. इसोगाई-सान, शेवटचा भाग?”

“शब्द दिलाय ना मी!”

पोशाखात ओबाता नावाचा तरणा पोरगा आला. उत्तम उड्या मारायचा. भूतकाळातून परत आला की टुणकन उतरून मुख्यालयात पळायचा. मी दिग्दर्शकाला म्हटलं, ते पाऊल कुठे गेलं? तो म्हणाला, कुठलं पाऊल? मुलांची पत्रं पहिल्याइतकीच येत राहिली, खेळणी पहिल्याइतकीच खपत राहिली. नुकुई नसल्याने मालिकेचं काडीचंही नुकसान झालं नाही. हे लिहिताना आजही माझं डोकं फिरतं, पण झालं नाही.

शेवटचा भाग आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ लेखकाने लिहिला. कोकुगेन चाक अखेरचं फिरवतो, वर्षभरातलं सगळं घडलेलंच पुसलं जातं, आणि शहरात कुणालाच तो आठवत नाही. बैठकीत दोघांचे डोळे भरून आले. मला वाटलं, वर्षभराचा निष्काळजीपणा झाकायला याहून मोठी चादर मिळणार नाही.

प्रसारणाच्या आठवड्यात मी नामावली पाहिली. ‘कोकुगेन: ओबाता’. तशीच इसोगाईंच्या खोलीत शिरले.

“हे काय आहे?”

“सेन्सेइ, दार लावा.”

“लावणार नाही. काय आहे हे?”

“नुकुई हे नाव पेपरात येऊन गेलंय. सामान उचलणारा नुकुई आणि कोकुगेन नुकुई एकच का, असं एकाने जरी विचारलं तरी गच्ची निघेल, दुकान निघेल, आपण खोटं सांगितलं ते निघेल.”

“मग निघू दे!”

“आणि पुढच्या वर्षीची मालिका? शंभर माणसं जेवतात तिच्यावर. तुम्हीही.”

“मग जागा रिकामी ठेवा. ओबाता कशाला?”

“वाहिनीला कळवून झालंय की हिरोचं नाव येणार. शिवाय मुलगा चांगला आहे हो, त्याचा काय दोष?”

दोष नव्हताच त्याचा. मी त्यांना काय-काय बोलले ते इथे लिहीत नाही. उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षीच्या मालिकेला मला बोलावलं नाही, तेही ठीकच झालं.

मी नुकुईच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, धरून चालता यावं म्हणून फुमिएने भिंतीला दोरी बांधलेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. असलं सांगताना बसू नये.

तो म्हणाला, “मी आईला फोन केलाय. रविवारी शेवटपर्यंत बघ म्हटलं. नावं येतात तोवर टीव्ही बंद करू नको. तिने शेजारच्या बायकांना बोलावलंय.”

फुमिए म्हणाली, “मग आता करा फोन. सांगा रद्द झालं.”

“काय रद्द झालं म्हणून सांगू? टीव्ही?”

आईला त्याने आजारपणही सांगितलेलं नव्हतं. सर्दी झालीय, म्हणून आवाज असा, एवढंच.

रविवारी मी त्यांच्याकडे गेले. तिघांनी मिळून पाहिला तो भाग. जुनं गाव छान दिसत होतं, संध्याकाळचा उजेड पुलावर पडला होता. ओबाताने चाक फिरवलं. नावं आली, सरकली, गेली. लगेच फोन वाजला. नुकुईने तो दोन हातांनी धरला. म्हातारी इतक्या मोठ्याने बोलायची की आम्हालाही सगळं ऐकू येत होतं.

“शिगेओ! बघितलं बरं का मी. मी म्हणत नव्हते? ओबाता आहे नाव त्याचं.”

“हो, आई.”

“या बायका हसल्या रे मला. असू दे. तू उगीच खोटं बोलत जाऊ नको आता, वय झालं तुझं.”

“हो.”

“पण एक सांगू? हा ओबाता पहिल्यांदा बरा चालायचा. तुझा बाप डोंगरातनं लाकडाचा भारा घेऊन यायचा, अंगणात भारा टाकला की एक पाऊल टाकून थांबायचा बघ, तसा. मी त्यासाठीच बघायची. मागल्या उन्हाळ्यापासनं नुसता उड्या मारतो.”

फुमिएने हात पुढे केला फोन घ्यायला. नुकुईने तिच्याकडे पाठ केली.

“थकला असेल, आई,” तो म्हणाला.

त्या वसंतात म्हातारी गेली. तो अकिताला गेला, फुमिएच्या खांद्यावर हात टाकून, आणि गावातल्यांना वाटलं की आईच्या दुःखात दारू पिऊन आलाय.

यानंतर सांगण्यासारखं थोडंच आहे. नुकुईने एका छापखान्यात बसून कागदांच्या घड्या घालायचं काम केलं, ते संपल्यावर घरी बसला. मालिका मात्र मेली नाही. तबकड्या निघाल्या, जाडजूड पुस्तकं निघाली. कोणत्या भागात कोणती कौलं फुटली इथपर्यंत त्यात माहिती असते, आणि प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं की कोकुगेनच्या आत ओबाता होता. कारण नामावलीत तसं आहे. पहिल्या भागांतल्या ‘त्या विलक्षण पावला’वर एका प्राध्यापकाने लेख लिहिलाय. ओबाताच्या नावावर.

गेल्या वर्षी चाळीस वर्षं झाली म्हणून एका सभागृहात मेळावा झाला. ओबाताने स्वतः येऊन नुकुईला आमंत्रण दिलं, टॅक्सी पाठवली. फुमिए आली नाही. “मी आले तर काहीतरी बोलेन,” म्हणाली. मी गेले. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो.

ओबाता व्यासपीठावर उभा राहिला आणि सरळ म्हणाला, “आज मला एकच सांगायचंय. तुम्हाला जे चालणं आवडतं ते माझं नाही. अर्ध्याहून जास्त भागांत आत नुकुई-सान होते. मी नुसता मागून आलो. ते तिथे बसलेत.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्यापुढचा जाड चष्म्याचा गृहस्थ डोळे पुसत बायकोला म्हणाला, “बघ, मोठी माणसं अशी असतात. सगळं श्रेय गुरूला देतात.” निवेदिकेने तेच उचललं, “ओबाता-सान, केवढा हा विनय! आणि आपल्या गुरुजींनाही घेऊन आलात!” ओबाता माइकमध्ये म्हणत राहिला, “नाही, नाही, तसं नाही,” आणि जितकं म्हणेल तितक्या टाळ्या वाढत गेल्या. नुकुई वाकून नमस्कार करायला उठला, तोल गेला, मी त्याचा कोट धरून खाली बसवलं. लोकांना तेही आवडलं.

नंतर सहीची रांग लागली. ओबाता आमच्याकडे यायला बघत होता, पण त्याला टेबलामागे बसवून पुढ्यात पेनं ठेवली होती. मी म्हटलं, “चला. इथे थांबलो तर मी कुणाच्या तरी थोबाडीत मारेन.”

“सेन्सेइ, तो चांगला मुलगा आहे हो.”

“चांगलाच आहे. तीच तर पंचाईत.”

लिफ्ट सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि रांग तिथवर पोचली होती. नुकुई काठी टेकत, डुलत निघाला. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मग पुढचं. सगळे त्या चालण्याचे भक्त, हातात पुस्तकं धरून उभे. पुढे असलेल्या एका तरण्या माणसाने त्याला आदराने अडवलं.

“आजोबा, मधे घुसू नका. रांग मागून आहे.”

“हो, हो,” नुकुई म्हणाला, आणि आम्ही रांगेच्या कडेकडेने शेवटपर्यंत चालत गेलो.